बधिरपणा पायापासूनच का? मज्जापेशीतल्या ‘सांगाड्या’बद्दल

प्रश्न राळेगावकडच्या, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: “पुस्तकात लिहिलंय की सायटोस्केलेटन म्हणजे पेशीचा सांगाडा, तो पेशीला आकार आणि आधार देतो. पुढच्याच पानावर लिहिलंय की मज्जापेशीतली, म्हणजे नसेच्या पेशीतली, वाहतूक त्याच्यावर चालते. सांगाडा वाहतूक कशी करेल? दुसरं म्हणजे, माझ्या बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. पायाचे तळवे बधिर झालेत, हात मात्र ठणठणीत. शुगर उतरावी म्हणून ते रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावतात. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे का?”

आहे. तुला वाटतंय तू दोन-तीन वेगळे प्रश्न विचारलेस, पण ते एकाच गाठीला बांधलेले आहेत. मी प्राध्यापक नाही, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारी डॉक्टर आहे. त्यामुळे सुरुवात पुस्तकापासून न करता चप्पलपासून करते.

मागे एकदा साठीतले एक शेतकरी आले. अंगठा सुजलेला, पण तक्रार भलतीच होती, दोन दिवसांपासून ताप. मी त्यांची चप्पल उलटी करून पाहिली. बाभळीचा काटा तळातून आरपार वर आलेला, टोकाशी वाळलेलं रक्त. “कधी घुसला?” म्हटलं तर म्हणाले, “माईत नाई बाई. चप्पल पायातून सटकून पडते तरी मालेच समजत नाई, काटा काय समजते?” मग स्वतःच विचारलं, “पायच काहून पण? हाताले तं काईच नाई.”

या ‘पायच काहून’मध्ये तुझ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. पण आधी ‘सांगाडा’ या शब्दाचं पाहू, कारण गोंधळाचं मूळ तिथं आहे. सांगाडा म्हटलं की डोळ्यांसमोर हाडं येतात: एकदा घडली की जागच्या जागी, आयुष्यभरासाठी. पेशीतला सांगाडा तसा नसतो. त्याचे तुकडे जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात, आणि हे सतत चालू राहतं. मला विचारशील तर त्याला पांदण म्हणायला हवं होतं. पांदण शेताची हद्दही आखते, बंडीही तिच्यावरूनच जाते, आणि दर पावसाळ्यानंतर मुरूम टाकला नाही तर बुजते.

पांदण केवढी लांब, तेही पाहून घे. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या मज्जापेशीचं मुख्य शरीर कमरेच्या भागात, मणक्याच्या आत किंवा त्याला लागून असतं. आकार साधारण 50 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा विसावा भाग. तिचा ॲक्झॉन, म्हणजे लांब धागा, मात्र जवळजवळ मीटरभर. हेच मोजमाप वाढवून बघ. पेशीचं शरीर म्हणजे पंचवीस फुटांचं घर धरलं, तर ॲक्झॉन होतो दीडशे किलोमीटर, म्हणजे यवतमाळहून थेट नागपूर. आणि त्याची रुंदी? जेमतेम पाच फूट. एका घरातून निघालेली पाच फुटी पांदण, नागपूरपर्यंत. तिकडच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं या एकाच घरात तयार व्हायची आणि याच वाटेनं जायची.

“आपोआप पसरत जातील की,” असं वाटेल. पाण्यात शाई पसरते तशी. एखाद्या पेशीच्या आत ते चालतं, मायक्रोमीटरच्या हिशोबात. पण पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो. साध्या प्रथिनाचा पेशीद्रवातला वेग धरून मीटरभर अंतराचा हिशोब मांडला, तर उत्तर हजार वर्षांच्या पुढं जातं. म्हणून वाट हवी, वाटेवर वाहक हवा आणि वाहकाला इंधन हवं.

वाट म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्या एकावर एक रचून तयार झालेली पोकळ नळी, जाडी 25 नॅनोमीटर. नळीच्या भिंतीत सहसा अशा 13 उभ्या ओळी असतात. इथं बहुतेक विद्यार्थी एक चूक करतात, मीही केली होती. आपण समजतो की कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकच नळी जाते. तसं नाही. एकेक नळी मायक्रोमीटरच्या दहात, फार तर शेकड्यात मोजावी एवढीच असते. मग मीटरभर वाट होते कशी?

आपल्याकडे हे समजवायला सूत पुरतं. कापसाचा तंतू किती? इंच, सव्वा इंच. पण चरख्यावरून उतरलेलं सूत मैलभर निघतं, कारण एक तंतू संपायच्या आधी दुसरा सुरू झालेला असतो. ॲक्झॉनमध्ये तसंच आहे. शेजारी शेजारी अनेक नळ्या, एकीचं टोक दुसरीच्या पोटाशी. सुतासारखा पीळ मात्र इथं नाही. नळ्या एकमेकींपासून अंतर राखून असतात आणि टाऊसारखी प्रथिनं त्यांना चिकटून त्या सांभाळतात. वाहक एका नळीच्या टोकाशी पोहोचला की शेजारची पकडतो. (हेच टाऊ नळ्यांवरून सुटून पेशीत गुंता करून बसलं की काय होतं, ते अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत दिसतं. तो विषय वेगळा, पण नाव लक्षात ठेव.)

दुसरी गोष्ट दिशेची. दिवाळीनंतर बांधावरून चालून ये, धोतराच्या, साडीच्या काठात कुसळं शिरतात. कुसळ एकाच दिशेनं पुढं सरकतं, उलट ओढलं की अडतं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं कुठली बाजू सुलटी आणि कुठली उलटी. मायक्रोट्यूब्यूललाही अशीच दिशा असते, कारण ट्युब्युलिनच्या जोड्या सगळ्या एकाच तोंडानं रचलेल्या असतात. एका टोकाला अधिक म्हणतात, दुसऱ्याला उणे. ॲक्झॉनमधल्या जवळजवळ सगळ्या नळ्यांचं अधिक टोक घराबाहेर, म्हणजे अंगठ्याकडे असतं. डेन्ड्राइटमध्ये, म्हणजे पेशीच्या आखूड फांद्यांमध्ये, मात्र दोन्ही तोंडांच्या नळ्या मिसळलेल्या सापडतात. परीक्षेत हा फरक विचारतात.

या दिशेवर सगळा कारभार चालतो, कारण वाहकांना ती ओळखता येते. घराकडून अंगठ्याकडे माल नेतो तो कायनेसिन. त्याचा शोध 1985 मध्ये लागला, माकुळ या समुद्री जिवाच्या जाडजूड ॲक्झॉनवर काम करताना. त्याला दोन ‘पाय’ असतात, एक उचलून दुसऱ्याच्या पुढं टाकत तो नळीवरून अक्षरशः चालतो. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. मीटरभर वाटेचा हिशोब कर: साडेबारा कोटी पावलं. ती एकट्याची मजल नाही. एक कायनेसिन शंभरेक पावलं टाकून वाटेवरून सुटतो. म्हणून मालाच्या एका पिशवीला अनेक वाहक जुंपलेले असतात. एक सुटला तरी दुसऱ्यानं धरून ठेवलेलं असतं. बंडीचा एक बैल बसला तर खोळंबा होतो, इथं होत नाही.

परतीच्या वाटेवर डायनीन. तो अंगठ्याकडून घराकडे येतो. आकारानं मोठा, आणि चाल कायनेसिनसारखी शिस्तीची नाही. कधी लहान पाऊल, कधी मोठं, मध्येच बाजूला, मध्येच मागं. बाजाराच्या दिवशी उशिरा घरी परतणाऱ्या माणसाची चाल म्हण. पण पोहोचतो. येताना झिजलेला माल आणतो आणि टोकाकडचे निरोपही, ‘इकडं सगळं ठीक आहे, पोषण मिळतंय’ अशा अर्थाचे. हे निरोप थांबले तर पेशीचं घरच खचायला लागतं.

वेगाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि पुस्तकं ती एका तक्त्यात उरकतात. पिशव्यांमधला माल दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर वेगानं जातो. म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत तीन ते पाच दिवस. पण स्वतः ‘वाट’ ज्यानं बनते ते ट्युब्युलिन आणि न्यूरोफिलामेंट (सांगाड्याचे दुसऱ्या जातीचे धागे)? त्यांचा वेग दिवसाला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. मीटरभर जायला हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं, कधी त्याहून जास्त. तुझ्या बाबांच्या अंगठ्यातल्या वाटेची आजची डागडुजी दोन-तीन वर्षांपूर्वी कमरेहून निघालेल्या मालानं होते आहे. गंमत म्हणजे हा माल मुळात हळू चालणारा नाही. न्यूरोफिलामेंट चालतं तेव्हा जोरात चालतं, पण बहुतेक वेळ थांबलेलंच असतं. आपल्या एस.टी.सारखं: गाडी पळते साठनं, पण फाट्याफाट्यावर उभी राहून.

आता ‘पायच काहून’ला ये. वाटेवर काहीही बिघडलं, इंधन कमी पडलं, वाहक अडला, नळ्या ढिल्या झाल्या, तर पहिली झळ कुणाला? शेवटच्या गावाला. पाटाचं पाणी कमी झालं की टेलच्या शेतकऱ्याचं रान आधी वाळतं, मुखाशी असलेल्याला पत्ताही नसतो. शरीरात सगळ्यात लांब ॲक्झॉन पायाच्या बोटांचे. म्हणून बधिरपणा आधी बोटांत, मग तळव्यात, मग घोट्यापर्यंत मोज्यासारखा चढतो. तो गुडघ्याच्या आसपास पोहोचतो तेव्हा हाताची बोटं सुरू होतात, कारण मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या अंतराच्या बरंच जवळ आहे. हा क्रम मी शेकडो पायांवर पाहिलाय. क्रम मोडला, एकाच पायाला किंवा आधी हाताला झालं, की मी शुगरला दोष देणं थांबवते आणि दुसरं कारण शोधते. आपल्या भागात तेव्हा कुष्ठरोग आठवावाच लागतो, कोपरामागची नस चाचपून पाहावी लागते.

एक सावधगिरी. मधुमेहात फक्त वाहतूक बिघडते असं मी म्हणत नाही. मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बिघडतात, पेशीत इंधन बनवणारी मायटोकॉन्ड्रिया दमतात, साखर प्रथिनांना चिकटून बसते. वाहतूक मंदावणं हा त्यातला एक धागा. पण मार कुठूनही बसला तरी आधी लांबच्या टोकाला का दिसतो, हे वाटेच्या लांबीशिवाय नीट उलगडत नाही.

वाहतूक खरंच आहे हे पहिल्यांदा सरळ दाखवलं ते 1948 मध्ये, पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी. त्यांनी प्राण्याची नस हलकीच आवळली. आवळलेल्या जागेच्या वर, पेशीच्या बाजूला, ॲक्झॉन फुगले, आणि खाली बारीक राहिले. पाटात कुणी मातीचं ढेकूळ टाकलं की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तसं. आवळ काढली की तुंबलेला माल पुढं सरकला. किती साधा प्रयोग, आणि किती सांगून गेला.

मला मात्र ही गोष्ट पटली ती एका मजूरबाईच्या हातावर. हरभरा कापताना विळा मनगटात लागून तिची नस तुटली होती, नागपूरला शिवली. दर महिन्याला ती माझ्याकडे येई. मी मनगटापासून तळव्याकडे टिचक्या मारत जाई, आणि एका ठिकाणी ती “मुंग्या!” म्हणून हात ओढून घेई. तिथं मी पेननं रेघ मारायची आणि मनगटापासूनचं अंतर तिच्या कागदावर लिहून ठेवायची. पुढच्या महिन्याला ती जागा इंचभर पुढं गेलेली. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला इंच. हा आकडा संथ वाहतुकीच्या हिशोबातला आहे: नवं टोक पुढं सरकवायला ॲक्टिन (सांगाड्याचं आणखी एक प्रथिन) आणि ट्युब्युलिन लागतं, आणि ते चालतंच तेवढ्या वेगानं. बाई विचारायची, “गोळी वाढवा ना बाई, लवकर होईन.” मी सांगायची, गोळीनं नाही होणार, माल वाटेत आहे.

ॲक्टिनबद्दल फार सांगत नाही. लांबच्या वाटेत त्याचा हात कमी, टोकाशी आणि वळणावळणावर जास्त. एवढं मात्र सांगते की ॲक्झॉनच्या त्वचेखाली ॲक्टिनची कडी असतात, सुमारे 190 नॅनोमीटरच्या अंतरानं, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी तशी. ही 2013 मध्ये नव्या जातीच्या सूक्ष्मदर्शकांमुळे दिसली, त्याआधी कुणालाच ठाऊक नव्हती. न्यूरोफिलामेंट ॲक्झॉनला जाडी देतात, आणि जाड ॲक्झॉनमधून संदेश लवकर जातो. पुस्तकातला ‘आधार’ तो हा.

परतीच्या वाटेचे चोर तुला ठाऊक हवेत, कारण गावात त्यांच्याशीच गाठ पडते. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागी नसेत शिरतो आणि डायनीनच्या खांद्यावर बसून मेंदूकडे निघतो. म्हणून चेहऱ्यावरचा चावा जास्त घातक: वाट आखूड. पण यातून “पायाला चावलं, वेळ आहे” असा हिशोब कुणी करू नये. साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुणं आणि लस, दोन्ही त्याच दिवशी, आणि जखम रक्ताळलेली असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही. एकदा लक्षणं दिसली की आमच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. धनुर्वाताचं विषही याच वाटेनं जातं. ते रक्तातून सगळ्या स्नायूंपाशी पोहोचतं, पण जबड्याची नस आखूड, म्हणून दातखीळ आधी बसते. अंगठ्याला खिळा लागला आणि जबडा धरला, यात लोकांना गूढ वाटतं. गूढ नाही, अंतराचा हिशोब आहे.

फवारणीच्या काही औषधांचंही सांगायला हवं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते तुला माझ्यापेक्षा जवळून माहीत असेल. सेंद्रिय फॉस्फरसच्या काही कीटकनाशकांनी मोठी विषबाधा झाली, माणूस वाचून घरी गेला, की दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्या दुखतात, पाय लुळे पडायला लागतात. इथंही लांबचे ॲक्झॉन आधी. कोंबड्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की टोकाकडून परतणारी वाहतूक आधी मंदावते. माझ्याकडे असाच एक तरुण आला होता. त्याला कुणीतरी “अशक्तपणा आहे” म्हणून सलाईन लावत राहिलं होतं. चवड्यावर उभा राहा म्हटलं तर त्याला राहता येईना. विषबाधेतून उठलेल्या माणसाला महिनाभर चवड्यांवर आणि टाचांवर चालायला लावून बघा, फुकटची तपासणी आहे.

आता सदाफुली. तुला गंमत वाटेल, पण ज्या मायक्रोट्यूब्यूलबद्दल एवढं बोलले, त्या मोडणारं औषध तुमच्या अंगणातल्या याच झाडातून निघालं. व्हिन्क्रिस्टिन. रक्ताच्या कर्करोगावर ते वापरतात: ट्युब्युलिनला चिकटतं, नळी रचू देत नाही, आणि भराभर वाढणारी पेशी विभागूच शकत नाही. पण मज्जापेशीची वाटही त्याच ट्युब्युलिनची. म्हणून हे औषध चालू असलेल्या मुलांच्या टाचेमागे हातोडीनं ठोकलं की पाऊल उडत नाही, ती खूण आधी जाते. मग बोटं बधिर होतात, काही मुलं पाऊल आपटत चालतात. पावसाळ्यात जंगलाच्या कडेला लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलते ती कळलावी, तिच्यातलं कोल्चिसिनही ट्युब्युलिनलाच धरतं. तिचा कंद खाऊन माणसं दगावतात, म्हणून तिला हात लावू देऊ नका.

बाबांचे पाय सदाफुलीच्या पानांनी बधिर झाले का? नाही, मला तसं वाटत नाही. चार पानांत व्हिन्क्रिस्टिन अगदी नगण्य असतं, आणि त्यांचा बधिरपणा बारा वर्षांच्या साखरेच्या हिशोबात नीट बसतो. तरी पानं बंद करा. त्यात काय किती जातं याचं माप कुणाकडे नाही, आणि माझ्या अनुभवात पान चावणारा माणूस गोळी अर्धी करतो. तेच खरं नुकसान.

त्यांना पुढच्या आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर माझ्याकडे घेऊन ये. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर आणि बी-12 तपासू. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी होतं, आणि त्यानंही पाय बधिर होतात. ते कमी निघालं तर भरून काढता येतं. कंपन दाखवणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर लावून पाहू. तोवर रोज रात्री झोपण्याआधी तू स्वतः त्यांचे तळवे पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. गरम पाण्याचा शेक नको, पाणी किती गरम आहे ते त्यांच्या पायांना कळणार नाही. आणि येताना नवी चप्पल घालून आणू नकोस. रोज वावरात घालतात तीच आण, मला ती उलटी करून बघायची आहे.